सरूआत्यांचं उडालेलं नाव

“माझं नाव कुठाय?”

सरूआत्यांच्या हातात लग्नपत्रिकेचा पहिला छापील कागद होता. शाई अजून ओली होती. त्यांनी तो नाकाजवळ धरला, मग लांब धरला, मग दारातल्या उजेडात नेला. पत्रिकेच्या तळाशी नातेवाइकांची नावं असतात ना, बारीक टायपात, एकमेकांना चिकटून बसलेली? त्यातली सगळ्यात बारीक, शेवटची ओळ जागेवर नव्हती. एक काना, अर्धी वेलांटी, आणि पुढे कोरा कागद.

“मारोती, सख्ख्या बहिणीचं नाव घालायला तुला जागा न्हाई व्हय रं?”

मारोतराव म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, परभणीतल्या छापखान्याचे मालक. अर्ध्या जिल्ह्याच्या पत्रिका छापणारा हा माणूस, आणि स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेतून नवरीची आत्याच गायब.

“आक्का, नाव टाकलंय. ते उडालंय.”

“उडालंय? पाखरू हाय का ते? मामाचं कामून न्हाई उडालं मग?”

याला उत्तर होतं. मामाचं नाव वरच्या ओळीत, जाड टायपात होतं. पण हे उत्तर त्या क्षणी द्यायचं धाडस कुणाला झालं नाही. “पत्रिकेत नाव न्हाई त्या लग्नाला मी येणार न्हाई. आज सांजच्या गाडीनं मी सोनपेठला चालले,” असं म्हणून आत्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. प्लेट करणाऱ्या गफूरभाईंनीही पाहिलं. कारण त्या पत्रिकेची प्लेट माझ्या डब्याच्या भरवशावर झाली होती.

“इंजिनेरबाई,” मारोतराव हळू आवाजात म्हणाले, “सांजच्या आत जमलं तर ठीक. न्हाई तर तुमचा डबा काढून घ्या. मी आपली प्लेट नांदेडहून करून आणतो, पयल्यासारखी.”

डबा परत गेला असता तर माझी उमेदच गेली असती. आमच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये मी स्टॅबिलायझर बनवायची आणि लोकांचे जळलेले स्टॅबिलायझर दुरुस्त करायची. हा डबा ही माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली पहिली वस्तू. पूर्णेचे आणि पाथरीचे छापखानेवाले सांगून गेले होते, मारोतरावांकडं चालू द्या, मग आम्हीबी घेतो. मारोतरावांकडे चालला नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

डबा काय होता ते आता सांगते.

ऑफसेट छपाईत अक्षरं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उमटवतात. तीच प्लेट. तिच्यावर एक मसाला लावलेला असतो. पारदर्शक फिल्मवर काळी अक्षरं असतात. ती फिल्म प्लेटवर काचेखाली दाबून बसवायची आणि वरून मोठा दिवा लावायचा. जिथे उजेड पडला तिथला मसाला धुताना निघून जातो. अक्षरांच्या सावलीतला मसाला राहतो आणि शाई धरतो. उजेड कमी पडला तर सगळ्या कागदावर राखाडी झाक येते. जास्त पडला तर तो अक्षरांच्या कडांखाली शिरतो आणि बारीक अक्षरं खाऊन टाकतो. आधी अनुस्वार, मग वेलांट्या, मग आत्या.

आता एवढ्या नाजूक कामाला आमच्याकडची वीज. ऐन लग्नसराईत शेतात गव्हा-हरभऱ्याला पाणी चालू असतं. एका फिडरवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की शहरात दिव्याचा कंदील होतो. मोटारी बंद झाल्या की तोच दिवा डोळे दिपवतो. गफूरभाई घड्याळ लावून उजेड द्यायचे, पण घड्याळाला व्होल्टेज कुठे कळतं? प्लेटा वाया जायला लागल्या तशा मारोतराव त्या नांदेडहून करून आणू लागले. त्यात ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची. आज बंद, उद्या रास्ता रोको. एसटी थांबली की प्लेट नांदेडला आणि लग्न परभणीला.

मी म्हटलं, सेकंद मोजायचेच कशाला? नळाला पाणी बारीक असलं तर आपण घड्याळ बघून घागर उचलतो का? घागर भरली की उचलतो. तसंच हे. फ्रेमच्या कडेला, दिव्याकडे तोंड करून, मी एक सेन्सर बसवला. गोल काचेआड बसलेला, पडलेला उजेड मोजणारा. तो जेवढा उजेड खाईल तेवढे आकडे डब्यावर पुढे सरकायचे. ठरलेला आकडा आला की दिवा आपोआप बंद. व्होल्टेज पडलं तर जास्त वेळ लागेल, इतकंच.

तो डबा मी आपल्या हवेसाठी घट्ट केला होता. फटीला रबर, आतल्या कार्डाला वार्निश, वायर शिरते तिथे पालच काय, मुंगीही जाणार नाही अशी बंदोबस्ताची चकती. मे महिन्यात तो शेडच्या पत्र्यावर तापत ठेवला. पाथरीच्या जीपच्या टपावर बांधून फिरवून आणला. जिनिंगच्या मागे कापसाच्या धुरळ्यात ठेवला. तरी चालला. त्या काळी मला या डब्याचा जरा गर्वच होता.

आदल्या दिवशी मारोतरावांकडे तो बसवला आणि जुन्या फिल्मवर प्लेट काढली. अनुस्वारसुद्धा शाबूत. गफूरभाई म्हणाले, “ताई, ये तो कमाल हाय. आता मी निवांत चहा प्यायला मोकळा.” दुसऱ्या दिवशी चांगला मुहूर्त होता. नव्या यंत्राचा शुभारंभ घरच्याच पत्रिकेने करायचा असं ठरलं. मुलीच्या आत्याचा मान म्हणून पूजा करायला सरूआत्या सोनपेठहून आल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, मी पोचले तोवर पूजा आटोपली होती. आणि पहिल्याच प्लेटला हे असं.

“व्होल्टेज किती होतं?” मी विचारलं.

“एकदम बराबर.”

“दिवा किती वेळ जळला?”

“लय वेळ जळायला होता. मी म्हनलं जळू दे. तुमीच सांगितलं ना, व्होल्टेज कमी असलं की मशीन जास्त वेळ घेतं?”

सांगितलं होतं खरं. पण व्होल्टेज चांगलं असताना दिवा जास्त वेळ जळाला, याचा अर्थ एकच. दिवा भरपूर उजेड देत होता आणि सेन्सरला तो कमी दिसत होता.

मी डबा उघडला. बाहेर बाकावरून आत्या मोठ्याने बोलत होत्या, आम्हाला ऐकू जावं इतक्या. आत कार्ड ठीक, रिले ठीक, सप्लाय ठीक, एकही सांधा सुटलेला नाही. वायर ओढून पाहिली, घट्ट. मला खरंच भीती वाटली. चूक सापडली की माणूस निर्धास्त होतो. सगळंच ठीक निघालं की शोधायचं कुठे तेच कळत नाही.

“गफूरभाई, कालपासून कुणी हात लावला का याला?”

“कसमसे ताई, कुनीच न्हाई. सकाळी पूजा झाली आन् लगेच काम.”

मग सेन्सरच तपासायचा राहिला. तो खोलीत तपासून उपयोग नव्हता. प्लेटचा मसाला निळ्या-जांभळ्या उजेडानेच बदलतो, म्हणून प्लेटच्या खोलीत पिवळा बल्ब लावतात. पिवळा उजेड प्लेटला कळत नाही. आणि प्लेटला जे कळतं तेवढंच सेन्सरने मोजावं म्हणून मी त्याच्यावर निळी काच बसवलेली. त्याला तपासायचं तर ऊन हवं. मी स्क्रू काढले, सेन्सर मुठीत घेतला, मीटर काखेत मारलं आणि मागच्या अंगणात आले.

उन्हात मूठ उघडली आणि मला हसूच फुटलं.

काच निळी राहिलीच नव्हती. तिच्यावर हळदीचं एक छान, भरघोस, ओलं करून लावलेलं बोट होतं. दिव्याच्या तापाने ते वाळून पक्कं बसलं होतं. दिवा जळत असताना डोळ्यांना त्रास नको म्हणून आम्ही पडद्याबाहेर थांबतो, आणि एरवी खोलीत पिवळा बल्ब. पिवळ्या उजेडात पिवळी हळद दिसणार कशी? कुंकवाचं बोट मात्र डब्याच्या वरच्या पत्र्यावर लागलं होतं. ते मी पाहिलंही होतं आणि मनात नमस्कारही केला होता.

आणि हळद तरी कशी? निळ्या उजेडाला आडवी येणारी घरगुती वस्तू शोधायला मला कुणी पाठवलं असतं, तर मी तीच घेऊन आले असते. सेन्सरच्या डोळ्यावर आत्यांनी बरोबर तोच पडदा ओढला होता. सेन्सर बिचारा अंधारात चाचपडत आकडे मोजत राहिला, आणि इकडे उजेड बारीक अक्षरं खात राहिला. आत्यांनी मानाची पूजा करून स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसलं होतं.

गफूरभाई मागून आले. त्यांनी काच पाहिली, बाकावरच्या आत्यांकडे पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला. गफूरभाई खोटं बोलले नव्हते. पूजेला हात लावणं म्हणतच नाहीत आपल्याकडे.

मारोतरावांना मी हळूच अंगणात बोलावलं. ते इतके हसले की भिंत धरून उभे राहिले. मग एकदम गंभीर झाले. “आक्काला सांगू नका बाई. पाया पडतो. लग्न हाय.”

“मी कशाला सांगू?”

स्पिरिटच्या कापसाने काच पुसली, सेन्सर जागेवर बसवला. गफूरभाईंनी नवी प्लेट लावली. आकडे कालच्यासारखे टकाटक पळाले आणि दिवा वेळेत बंद झाला. प्लेट धुतली, मशीनवर चढवली. पहिले काही कागद फिकट गेले, मग शाई धरली. मारोतरावांनी कागद उचलला, शेवटची ओळ पाहिली आणि तसाच बाहेर नेला.

आत्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. नावापासून गावापर्यंत, सोनपेठपर्यंतचं सगळं होतं, ‘सौ.’मधल्या टिंबासकट.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता कसं दिसायलंय. यंत्र नवं हाय, थोडं अडायचंच. मी सकाळी मनापासून पूजा केली म्हणून मार्गाला लागलं. न्हाई तर तुमच्या या बाई दिवसभर खोलून बसल्या असत्या.”

“खरंय आत्या,” मी म्हटलं. गफूरभाई लगबगीने आत निघून गेले.

आत्या संध्याकाळच्या गाडीने सोनपेठला गेल्या, पण पिशवीभर पत्रिका घेऊन, वाटायला. लग्नात त्यांनी मला ओढून जेवायला बसवलं आणि शेजारणीला सांगितलं, “हे यंत्र हिचं, पर चालू मी केलं.”

पूर्णा आणि पाथरीला डबे गेले, पण आधी मी डिझाइन बदललं. सेन्सर आत सरकवून त्याला पत्र्याची नळी घातली, बोट पोचणार नाही अशी. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. बोट कुठेतरी टेकणारच. आज सेन्सर वाचला तर उद्या आकड्यांची काच, परवा स्विच. म्हणून डब्याच्या दर्शनी बाजूला, मधोमध, पितळेची एक चकाकती गोल चकती बसवली. आत तिला काहीही जोडलेलं नाही. ती बसवल्यापासून हळदीकुंकवाचं एकही बोट दुसरीकडे लागलं नाही. इतकी देखणी जागा समोर असताना कोण कोपरे शोधेल?

पुढे पुण्याच्या एका कंपनीचे इंजिनिअर डबा पाहायला आले. ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, हा पार्ट काय आहे? अर्थिंग?”

“हळदीकुंकू,” मी म्हटलं.

“याचं फंक्शन काय?”

“बाकीच्या डब्याचं संरक्षण.”

त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

ऊन, धूळ, पाली आणि व्होल्टेज यांच्यासाठी टेस्ट असतात, त्या पुस्तकात सापडतात. पूजेची टेस्ट पुस्तकात नाही. आपल्याकडे यंत्राची पूजा होणारच, तेव्हा तिची जागा डिझाइन करणाऱ्याने आधीच ठरवून द्यावी. नाही तर ती सरूआत्या ठरवतात.