परत करायची गरज नाही

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात राहून रोज युरोपात जगणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारचे काका. प्रत्यक्षात त्यांनी युरोपात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. ताज्या भाज्या-फळांचं पॅकिंग बनवणाऱ्या कंपनीत ते होते आणि तिकडच्या बाजारावर नजर ठेवणं हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की आपल्या अंगणात बर्फ किती पडलंय याचा पत्ता नसे, पण तिकडे चिरून ठेवलेल्या सॅलडची मागणी कशी वाढतेय हे न विचारता सांगत. "अगं, तिकडे घरं लहान झाली, बायका जॉब करतात, माणसं एकेकटी राहतात. अख्खा कोबी घेऊन करणार काय? छोटं पॅक, वरून प्लास्टिकची पातळ फिल्म! इकडे हा ट्रेंड चार वर्षांनी येतो बघ." आणि तो यायचाही, हे मान्य केलं पाहिजे.

त्यांच्याबरोबर ग्रोसरीला जाणं ही मात्र शिक्षा होती. पालकाची पिशवी ते उजेडात धरून बघत, दाबत, कानाशी नेत. एकदा दुकानाचा मॅनेजर संशयाने जवळ आला आणि काही मदत हवी आहे का, असं त्याने विचारलं. त्याचा पालक त्या पिशवीत कसा गुदमरतोय हे काकांनी त्याला इतकं समजावलं, की शेवटी तोच मदतीसाठी इकडेतिकडे बघायला लागला. "भाजी तोडली तरी श्वास घेते," असं म्हणून त्यांनी आमची कोथिंबीरही नेली आणि कसल्याशा फिल्ममध्ये गुंडाळून परत आणली. ती इतके दिवस हिरवीगार राहिली, की चिरायला जिवावर आलं.

काकूंचा हात सढळ. अळूवड्या केल्या की निम्म्या कॉलनीला जायच्या. काकांनी गॅरेजमध्ये ट्रे सील करायचं एक छोटं मशीन बसवल्यापासून त्या ट्रेमधून, वर फिल्म ताणून येऊ लागल्या. "परत करायची गरज नाही, खा आणि ट्रे टाकून दे," काका अभिमानाने सांगत. कुणाचा डबा रिकामा पाठवायचा नाही, ही आपली जुनी रीत. त्यामुळे डबा आला की त्यात काय घालायचं हा घोर. तो एकदाचा मिटला म्हणून आम्ही सगळ्याजणी खूश होतो.

जानेवारीत एकदा विरजण मागायला गेले, तर काकूंनी मला संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. तेवढ्यात काका ऑफिसातून आले आणि कोट काढता काढताच ट्रेच्या नव्या डिझाइनबद्दल सांगू लागले. कधी आवाज न चढवणाऱ्या काकू एकदम म्हणाल्या, "अहो, पुरे तो ट्रे! पूर्वी डबा द्यायला म्हणून या पोरी यायच्या, तासभर बसायच्या. तुमच्या ट्रेपायी दिवाळीनंतर आज पहिल्यांदा माझ्या दाराची बेल वाजली."



त्या शनिवारी काका आमच्या दारात आले ते स्टीलचा डबा घेऊन. झाकणावर काकूंचं नाव कोरलेलं. "हा परत हवा," ते म्हणाले. "अर्जंट नाही. पण दारात ठेवून जाऊ नकोस, बेल वाजव." मग आमची ये-जा पुन्हा सुरू झाली. काकूंकडे दुपारी चहाला कुणी ना कुणी असायचंच.

दोन हजार सातमध्ये कंपनीने काकांना कॅलिफोर्नियाला, सॅलडच्या शेतांजवळ पाठवलं. निघायच्या दिवशी ते चिवड्याचा डबा देऊन गेले. मी घाईघाईने तो रिकामा करायला लागले, तर म्हणाले, "राहू दे गं. तिकडे हिच्या ओळखीचं कुणी नाही. डबा तुझ्याकडे राहिला, तर तू येशील असं तिला वाटत राहील."



पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो, डब्यात करंज्या भरून. एअरपोर्टवर सिक्युरिटीने तो उघडायला लावला, त्यात दोन करंज्या मोडल्या. काकूंनी दार उघडलं, डबा हातात घेतला आणि विचारलं, "किती दिवस आहेस?"

"परवा निघायचंय, काकू."

करंज्या ताटलीत काढून त्यांनी डबा धुतला, पुसला आणि लगेच भरायला घेतला.