खालच्या बोडीतलं तेल

माझ्या बी.एस्सी.च्या पदवीचा पहिला उपयोग एका निरपराध माणसाची नोकरी घालवण्यासाठी होणार होता. तो झाला नाही, याचं श्रेय माझं नाही. ते माझ्या वडिलांचं आहे आणि त्यांना सहीसुद्धा येत नव्हती.

आम्ही कोहळी. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधायचे आणि तलावाखाली धान पिकवायचा, एवढंच आमच्या घराण्याला ठाऊक. गोरेगावजवळच्या आमच्या गावातून नागपूरला जाऊन पदवी आणणारा मी पहिलाच. परत आलो तेव्हा गोंदियातल्या एका राइस मिलच्या शेठजींनी मला कामावर ठेवून घेतलं. नागपूरच्या वसतिगृहात मला जागा मिळाली होती तीही त्यांच्याच चिठ्ठीमुळे. त्यामुळे मी तिथे नुसती नोकरी करत नव्हतो, उपकार फेडत होतो. उपकार फेडायला निघालेला माणूस किती उपद्रवी असतो, हे शेठजींना तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच सुमारास शेठजींनी एक अमेरिकन मोटार घेतली. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा साहेब मायदेशी परतताना ती विकून गेला होता. गाडीला क्लच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची. ती रस्त्याने निघाली की लोक दुकानाबाहेर येऊन ड्रायव्हरच्या डाव्या पायाकडे बघायचे.

ड्रायव्हर म्हणजे आमचे काका. नात्याने नव्हेत, पण सगळी मिल त्यांना काकाच म्हणे. आधी ते मिलचा ट्रक चालवत आणि मिलमागच्या खोलीत बायकोसह राहत. मी पहिल्यांदा नागपूरला निघालो तेव्हा माझी पत्र्याची पेटी त्यांनीच ट्रकमधून स्टेशनवर आणली होती आणि डब्यात चढवूनही दिली होती. साहेबाच्या जुन्या ड्रायव्हरकडे पंधरा दिवस राहून ते ही नवी गाडी शिकून आले होते.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली. मिलमध्ये ती वाचू शकणारा मी एकटा. शेठजी म्हणाले, "बाबू, अब ये गाडी तुम्हारे हवाले." मी त्याच दिवशी गाडीसाठी एक वही सुरू केली.

गिअरपेटीत एक लालसर, पातळ तेल असायचं. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली की तेल मोजायची सळई सापडे. पुस्तिकेत लिहिलं होतं, इंजिन सुरू ठेवून सळई बघा, तेल वरच्या खुणेपर्यंत हवं. मी सकाळी सात वाजता, गाडी नुकतीच सुरू केलेली असताना, पहिलं माप घेतलं. तेल खुणेच्या एक बोट खाली होतं. मी वहीत लिहिलं : 'तेल एक बोट कमी. ड्रायव्हरचा हलगर्जीपणा.'

काका म्हणाले, "एक बोट कमीच राहू द्या, बाबूजी. तापलं का चढते ते."

"काका, पुस्तकात वरच्या खुणेपर्यंत म्हटलं आहे."

"पुस्तक थंडीत बसून लिहिलं असन. गाडी इथं चालून राहिली."

मी हसलो. अडाणी माणसाकडे बघून शिकलेला माणूस हसतो, तसंच ते हसणं होतं. आज आठवलं की कान गरम होतात. मी खुणेपर्यंत तेल भरलं आणि रोज सकाळी सातला भरत राहिलो.

आठवड्याभरात गाडी धूर सोडू लागली. गिअरपेटीच्या डोक्यावर हवा जायला-यायला एक बारीक नळी असते. तिच्यातून तेल फेसाळून बाहेर येई आणि खालच्या तापलेल्या पायपावर पडे. गाडीच्या आत निळा धूर भरायचा. शेठजी खोकत उतरले आणि म्हणाले, "ये मोटर है के चूल्हा?"

मग त्यांनी माझी वही मागितली. त्यात एकच शेरा होता आणि तो काकांच्या नावावर होता. शेठजींनी काकांना बोलावून तंबी दिली. काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून माझी अक्कल जागी झाली नाही. उलट, काकांना वाचवायचं म्हणून मी एक युक्ती काढली.

तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून निघतं. ते वाया जाऊ नये म्हणून आमचे लोक खाली एक छोटं तळं बांधतात. त्याला बोडी म्हणतात. मला वाटलं, गाडीलाही एक बोडी द्यावी. खोबरेल तेलाचा रिकामा डबा घेतला, कथलाचा डाग देणाऱ्या डागवाल्याकडून त्याला एक नळकांडं डागून घेतलं आणि नळी शोधायला निघालो. तेलाने न सडणारी, वाकणारी नळी अख्ख्या बाजारात मिळेना. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरने एनिमाच्या भांड्याची जुनी नळी दिली. "पेशंट कोण आहे?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "शेठजींची मोटार." त्यानं नळी पुन्हा एकदा धुऊन दिली.

डबा मी गाडीखाली तारेनं सांगाड्याला बांधला, झाकण घट्ट लावलं आणि नळीचं दुसरं टोक गिअरपेटीच्या हवेच्या नळीवर चढवलं. काका उकिडवे बसून बघत होते.

"झाकणाले भोक नाही पाडलं? तिचं नाक नळीत घातलं, आता नळीचंही तोंड बांधता?"

तेवढं मात्र ऐकलं. खिळ्याने भोक पाडलं.

धूर थांबला. शेठजींनी माझी पाठ थोपटली. आलेल्या पाहुण्यांना ते गाडीखाली वाकून डबा दाखवत. "हमारे बीएस्सी बाबूने बनाया." संध्याकाळी मी डबा सोडत असे. त्यात वाटी-दीड वाटी तेल जमलेलं असे. ते तेल कलकत्त्याहून मागवावं लागे, फेकवेल कसं? मी ते कपड्यातून गाळून परत गिअरपेटीत ओतत असे. सकाळी सातला माप घेतलं की बरोबर खुणेवर. वहीत रोज 'ठीक' लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटे.

मग शेठजी दोन व्यापाऱ्यांना घेऊन देवरीला गेले. तिकडे जंगलातली चढण, लांबचा पल्ला. डबा काठोकाठ भरला, भोकातून तेल तापलेल्या पायपावर सांडलं आणि गाडीत असा धूर झाला की व्यापारी दारं उघडून रस्त्यावर उभे राहिले. एकजण बैलगाडीने परतला म्हणतात. वहीत तर रोज 'ठीक' होतं, म्हणजे दोष ड्रायव्हरचाच; शेठजींनी परत येताच काकांना सांगून टाकलं, "सोमवारसे दूसरा ड्रायवर आएगा. कमरा खाली करना."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. वडील बैलबंडी जुंपून धान भरडायला मिलवर आले. मी गाडीखालून डबा काढून तेल गाळत होतो. काका तिथेच आपल्या खोलीच्या पायरीवर बसले होते. आत त्यांची बायको भांडी बांधत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

वडिलांनी डब्यात वाकून बघितलं. मग विचारलं, "काय करून राहिला बे?"

मी त्यांना सगळं समजावलं. तलाव, सांडवा, बोडी. त्यांना अभिमान वाटेल असं वाटलं होतं.

"आणि आता हे कुठी ओतून राहिला?"

"परत पेटीत."

वडिलांनी डोक्याचा पटका सारखा केला. "खालच्या बोडीतलं पाणी घागरी घागरीनं वरच्या तलावात कोन नेऊन टाकते बे? सांडवा रोजच चालून राहिला त मानूस पायते, तलाव जास्त कायले भरून राहिला. तू त रोज तोच तलाव भरून राहिला."

काका पायरीवरून म्हणाले, "मी त पहिल्याच दिवशी सांगतलं, दादा. तापलं का चढते."

मी हात पुसून पुस्तिका आणली. ती ओळ पानाच्या तळाशी होती. वाक्य तिथे पुरं झाल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी पान कधी उलटलंच नव्हतं. उलटलं. पुढे लिहिलं होतं : 'तेल पूर्ण तापलेलं असताना.' उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. पण ते नागपुरात. ते गोंदियालाही लागू आहे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मंग?" वडील म्हणाले. "शेठले सांगशीन का नाही?"

"बाबा, माझी नोकरी जाईल."

"त मंग त्याची जाऊ द्याची?"

एवढंच विचारून ते बंडीकडे गेले.

मी पुस्तिका आणि वही घेऊन शेठजी बसत त्या गादीपाशी गेलो. काकांनाही बरोबर नेलं. एका दमात सगळं सांगितलं. शेठजींना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनी ती ओळ बोट ठेवून बघितली.

"तो फिर सोमवारको किसको निकालूँ?"

काका म्हणाले, "शेठजी, बाबूजीले राहू द्या. तेल गरम झालं का फुगते, एवढं आता शिकले ते. नवा बाबू आनला त त्याले पुन्हा पहिल्यापासून शिकवा लागन."

शेठजी इतके हसले की मुनीम आत डोकावला. मग त्यांनी एकच शिक्षा दिली. वहीतल्या त्या पहिल्या शेऱ्याखाली मी माझ्या हाताने खरं काय ते लिहायचं आणि काकांना वाचून दाखवायचं.

मी लिहिलं : 'तेल एक बोट कमी होतं ते योग्यच होतं. चूक ड्रायव्हरची नसून माझी.'

काकांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, मागच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी.