बाईंचा ओला रुमाल

मी एवढ्या निगुतीनं लावलेलं फाउंडेशन बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं. रागानं नव्हे, सवयीनं. तोंडाला काहीतरी चिकट लागतंय म्हटल्यावर त्यांनी कमरेचा रुमाल काढला, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा फिरवला आणि पुन्हा खोचला. मग आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "झालं का तुझं?"

तो हात मी चांगला ओळखत होते. मी शिकत होते त्या मुलींच्या शाळेच्या फाटकात बाई रोज सकाळी ओला रुमाल घेऊन उभ्या राहत. जिच्या तोंडाला पावडर, तिचं तोंड त्या रुमालाखालून जायचं. माझं किती वेळा गेलं, ते देव जाणे. पुढे लग्न झालं, पुण्याला एका मॅडमच्या हाताखाली मी ब्यूटीशियनचं काम शिकले आणि नगरला सावेडीत घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं. तेव्हा बाई आमच्या त्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या होत्या. भर बाजारात त्यांनी मला गाठून ऐकवलं होतं, की आयुष्यभर मी पुसत आले आणि तू लावत बसलीस. त्याच बाई आता मागच्या दारानं येऊन माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. मला मनातून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

ही बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट. नगरला तेव्हा पार्लर म्हणजे नक्की काय चालतं, याबद्दल लोकांच्या मनात शंका होत्या. येणाऱ्या बायका पदर डोक्यावरून घेऊन येत. बाईंना टांग्यातून हाताला धरून घेऊन आली होती शाळेची शिपाई कौसाबाई. मूळची नेवाशाकडची, आवाज खणखणीत. बाई गुपचूप आल्यात हे तिनं अशा आवाजात सांगितलं, की शेजारच्यांनाही कळलं असणार.

बाईंना टायफॉईड होऊन गेला होता. डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली होती. दुखणं गेलं होतं, पण चेहऱ्याला अजून तो निरोप पोचला नव्हता. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, केस गळून अंबाडा लिंबाएवढा झालेला. आणि नेमकं त्याच वर्षी त्यांचं निवृत्तीचं वय भरत होतं. संस्थेनं मनावर घेतलं तर मुदतवाढ मिळायची, पण तब्येत ठणठणीत दिसली तरच. सोमवारी कमिटी बसणार होती.

एवढा जीव मुदतवाढीवर का, असं मी विचारलं. उत्तर प्रयोगशाळेचं निघालं. मुलींसाठी विज्ञानाची प्रयोगशाळा बांधायची म्हणून बाईंनी दारोदार फिरून देणग्या आणल्या होत्या. भिंती उभ्या होत्या. सिमेंट तेव्हा सरकारी परमिटवरच मिळायचं, त्यामुळे स्लॅब अडला होता. संस्थेच्या सेक्रेटरींचं म्हणणं, मुलींना कशाला हवी प्रयोगशाळा, तिथं शिवणवर्ग काढू. बाई गेल्या की दुसऱ्या दिवशी तिथं शिवणयंत्रं येणार हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

"मला सुंदर दिसायचं नाही, नलू," बाई म्हणाल्या. "मला फक्त दमलेली दिसायचं नाही."

आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक हेच. नटवणं सोपं असतं.

पुण्याला मी तासाभराचं फेशियल शिकले होते. फेशियल म्हणजे क्रीम लावून चेहऱ्याला मसाज, वाफ, मग लेप. पण बाईंना तासभर खुर्चीत बसवेना. मसाज करता करताच त्यांची मान कलली. मी घाबरले. कौसाबाईनं त्यांना उचलल्यासारखं करून माझ्या कॉटवर निजवलं आणि मला म्हणाली, "ताई, तुमचं ते पुन्याचं ऱ्हाऊ द्या. आदी जरा निजू द्या त्यान्ला."

बाई गाढ झोपल्या. मी बाजूला बसून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि एक गोष्ट लक्षात आली. चेहऱ्यापेक्षा जास्त आजारी त्यांचं ब्लाउज दिसत होतं. अंग उतरलं होतं, बाह्या लोंबत होत्या. चष्माही सैल होऊन नाकाच्या शेंड्यावर यायचा, म्हणून बाई सगळ्यांकडे चष्म्यावरून, डोळे ताणून बघायच्या. नेसायच्या तर कायम पांढरट. निरोगी माणसाला पांढरं शोभतं, पण फिकटलेल्या चेहऱ्याशेजारी तोच रंग चुगली करतो.

त्या उठल्यावर मी शब्द दिला, की रुमालाला येईल असं काही मी लावणारच नाही. बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैलावला.

मग जे केलं ते कुठल्याही दमलेल्या बाईला घरी जमेल असं होतं. सकाळी उठल्या उठल्या काही करायचं नाही. चहा होईपर्यंत पडूनच राहायचं, गार पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या डोळ्यांवर ठेवून. दुधावरची साय हलक्या हातानं चेहऱ्याला लावायची, आणि गरम पाण्यातून पिळलेल्या पंच्यानं टिपून काढायची. पाण्याची टंचाई होती, पण एवढ्याला तांब्याभर पुरे. ओठांना तुपाचं बोट. थ्रेडिंग, म्हणजे दोऱ्यानं भुवया नीट करणं, मी एकदाच केलं, आणि तेही भुवयांमधलं वाढलेलं तेवढंच. डोळे उघडे दिसायला लागले. त्या वेळी बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला म्हणाल्या, फाटकातल्या सगळ्या मुलींचा सूड तू एकटीच घेतेयस.

केसांचा प्रश्न राहिला. मी गंगावन सुचवलं. गंगावन म्हणजे वरून जोडायची खोट्या केसांची वेणी. बाई म्हणाल्या, उसने केस लावून खरं बोलता येणार नाही. मग मी अंबाडा ताणून न बांधता मानेवर सैल, पसरट बांधायला शिकवला. कपाळाजवळचं विरळपण झाकलं. हात वर धरून दंड दुखतात म्हणून केस कौसाबाईनं विंचरायचे ठरले. ब्लाउजना मी स्वतः टीप मारली, चष्मा कापड बाजारातल्या चष्मेवाल्याकडून आवळून आणला. साडी मात्र बाईंच्या ट्रंकेतली निघाली, डाळिंबी, घडी न मोडलेली. कुणी दिली होती, कधी, ते मी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

दोघी निघताना मी एक धंद्यातली गोष्ट सांगितली. उजेड समोरून आला की चेहरा उजळतो, पाठीमागून आला की काळवंडतो. कौसाबाईनं मान डोलावली. तिनं याचं काय केलं ते मला मागाहून कळलं.

सोमवारी माझं कशात लक्ष नव्हतं. एका बाईची भुवई जास्तच बारीक झाली. संध्याकाळी कौसाबाई आली आणि पाटावर बसून आधी पाणी प्याली. मीटिंगमध्ये चहा द्यायला तीच होती. तिनं सकाळीच टेबल फिरवून ठेवलं होतं, बाईंचं तोंड खिडकीकडे आणि सेक्रेटरींची पाठ. "सेक्रेटरी सायबच आजारी दिसत हुते," ती म्हणाली. दोघा मेंबरांनी त्यांच्या तब्येतीची चौकशीही केली म्हणे.

पण सेक्रेटरी काही कच्चे नव्हते. आमची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. चहा झाल्यावर ते हसत हसत म्हणाले, की हल्ली बाई पार्लरला जातात असं कानावर आलं. भिंतीला रंग दिला म्हणजे घर मजबूत होत नाही.

हे ऐकताना मी कौसाबाईच्या पाटाजवळ सरकले. बाईंचं नाव गेलं असतं तर माझ्यामुळे गेलं असतं.

बाईंनी कमरेचा रुमाल काढला. समोरच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून पिळला. आणि फाटकात मुलींची पुसत तसंच स्वतःचं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, चांगलं घासून. मग रुमाल उलगडून टेबलावर पसरला. पांढरा स्वच्छ होता.

"आणखी कुणाचं पुसायचंय?" बाईंनी विचारलं.

अध्यक्षांना हसू आवरेना. सेक्रेटरींनी तेवढ्यात स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. मिशीला ते कलप लावतात हे साऱ्या नगरला ठाऊक होतं. मुदतवाढ मंजूर झाली. स्लॅबसाठी परमिटचा पाठपुरावा सेक्रेटरींनीच करावा, असंही बाईंनी जाता जाता गळ्यात मारलं.

मी कौसाबाईला मिठीच मारली. मला रडू आलं. एवढा आनंद मला मी नटवलेल्या कुठल्याही नवरीनं दिला नव्हता.

बाई मागच्या दारानं आभार मानायला येतील, असं मला वाटत होतं. आल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात माझी मुलगी शाळेतून घरी आली. ती आठवीत होती, त्याच शाळेत. तोंड घासून लाल झालेलं, डोळे भरलेले. सकाळी माझ्या डब्यातली पावडर चोरून लावून गेली होती.

"बाईंनी पुसली," ती म्हणाली. "आणि तुला निरोप दिलाय. म्हणाल्या, आईला सांग, रुमालाला येईल असं काही लावायचं नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलेय."

पुढे मी कित्येक वर्षं पार्लर चालवलं, नवनवी क्रीमं आली. पण दमलेली बाई आली की मी डब्याला हात लावत नाही. आधी तिला निजवते. उठल्यावर ब्लाउजची बाही बघते. बाकीचं बहुतेक वेळा लागत नाही, आणि त्यामुळे माझा धंदा कधी फारसा वाढला नाही.