साहेबांची बाटली

पलूसच्या बाजारात एक मावशी म्हशीचं दूध विकायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माप ओतताना त्या गिऱ्हाइकाकडेच संशयानं बघायच्या.

एका सकाळी भेसळ तपासणारे साहेब जीपमधून उतरले आणि बाकीच्या दूधवाल्यांनी किटल्या गटारात ओतून धूम ठोकली. मावशी मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

साहेबांनी दूध तपासलं. "मावशी, एकदम शुद्ध आहे!"

"तुमी बगायच्या आदी बी व्हतंच की. तुमच्या घरी कंचं येतंय?"

साहेब वरमले. जीपमधली पाण्याची बाटली रिकामी करून म्हणाले, "द्या लिटरभर."

मावशींनी बाटली हिसकावली, उलटी धरून खडाखडा झटकली. "पाणी निथळू द्या सायेब, न्हाईतर उद्या माज्यावरच केस कराल."