सुप्रभाची उडी आणि आईची शप्पथ

आमच्या लंडनमधल्या, एजवेअरच्या शेजाऱ्यांच्या, पाटणकरांच्या, सुप्रभाच्या अंगात देवी येते, ही बातमी मंडळाच्या गणपतीत फुटली. आशाताईंनी म्हणे तिला मागच्या अंगणात पाहिलं: डोळे मिटलेले, गुडघे वाकलेले, हात पुढे, आणि पोरगी कंबरेतून घुमतेय. बातम्यांना फोडणी देण्याचं खातं एरवी माझ्याकडे असतं, पण ही माझी नव्हे. देवीबिवी काही नव्हती. पोरगी बर्फावरच्या शर्यतीचा अख्खा उतार डोळे मिटून मनात उतरत होती. वळण आलं की झुकायचं, उंचवटा आला की आणखी दबायचं.

सुप्रभा स्कीवरून वेगाच्या शर्यती करायची. १९८३ साली शाळेच्या सहलीत, बर्फाऐवजी प्लास्टिकचे ब्रश अंथरलेल्या सरावाच्या टेकडीवरून घसरली, ती घसरतच राहिली. आमची मुलं ए-लेव्हलच्या परीक्षांशी झटत होती तेव्हा ही ब्रिटनच्या संघात. ताशी साठ-सत्तर मैल, तेही गाडीशिवाय! मग १९९०च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियात एका उडीनंतर आपटली. गुडघा गेला आणि संघातली जागाही.

पुढच्या मार्चमध्ये स्कॉटलंडला शर्यत होती. पहिल्या तिघींत आली तर संघात परत, नाहीतर कायमची घरी. तिची आई डॉ. वैजयंती इस्पितळात रोज लोकांना भूल देऊन झोपवायच्या, पण त्या आठवड्यात स्वतः झोपल्या नव्हत्या. त्यांना मोटरवेची धास्ती, म्हणून गाडी माझी आणि वाटेतली टवाळीही माझीच.

शर्यतीच्या सकाळी नाश्त्याला बाईंनी बॉम्ब टाकला.

"माझी शप्पथ आहे तुला. उतारावरच्या त्या मोठ्या उडीआधी उभं राहायचं."

वाकलेलं अंग सरळ करून उभं राहिलं की वारा छातीवर येतो, वेग पडतो. वेग पडला की तिसरा नंबर गेला. आणि शप्पथ मोडली तर घालणाऱ्याचा जीव जातो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हटलं, तरच सुटका.

"आई, प्लीज. सुटली म्हण ना."

"नाही म्हणणार."

"अहो डॉक्टरीणबाई," मी म्हणालो, "एवढ्या डिग्र्या घेतल्यात, आणि शपथा कसल्या घालता?"

"तुम्ही चहा प्या, हरीशभाऊ."

सुप्रभा टोस्ट अर्धाच टाकून उठली. डोंगरावर पोचताच स्की खांद्यावर टाकून वर गेली.

आम्ही खाली कुंपणापाशी. वारा असा की झेंडे फाटायला आलेले. सुप्रभाच्या आधीची मुलगी नेमकी त्या उडीवर पडली. शर्यत थांबली. तिला स्ट्रेचरवरून खाली आणलं, तिने हात हलवला, पण बाईंचा चेहरा पिठासारखा झालेला. वर आमची पोरगी सुरुवातीच्या गेटमध्ये गारठत उभी. मला एकही विनोद सुचेना, यावरून काय ते समजा.

"अर्धं लक्ष उडीकडे, अर्धं माझ्या शपथेकडे," बाई एकदम पुटपुटल्या. "अशानेच पडेल ती!"

आणि त्यांनी शेजारी उभ्या कोचच्या हातातला, वर गेटशी बोलायचा वायरलेस हिसकावला.

"सुप्रभा! सुटली! सुटली गं!"

"मॅडम! मॅडम!" तो बिचारा कोच पुढे हात करून उभा.

इतक्यात वर ठिपका दिसला, शर्यत पुन्हा सुरू झाली होती. बघता बघता उडीपाशी आला. बाईंनी माझा दंड धरला, त्यांची नखं कोटातूनही रुतली. सुप्रभा उभी राहिली नाही. हवेत गेली, टेकताना एक स्की भरकटली, तो गुडघा आत वळतोय असं वाटलं... आणि सावरली.

शेवटची मुलगी उतरेपर्यंत पाटीवर ती तिसरीच होती. त्या नंबराच्या जोरावर ती पुढे १९९५पर्यंत संघात टिकली, पण त्या क्षणी बाईंना नंबराचं काय? त्या बर्फातून धडपडत तिच्याकडे धावल्या.

"ऐकलंस ना? वायरलेसवर मी सुटली म्हटलं!"

"कधी? मी तर आधीच निघाली होती."

"म्हणजे... शप्पथ मोडलीस?"

सुप्रभाने हेल्मेट काढलं.

"आई, तू मेली नाही ना? मग भांडते कशाला?"