पाणबुड्यांना पट्टे मिळणेबाबत

वेळ सकाळी साडेअकराची. ठिकाण, शहराच्या कडेला असलेल्या एका बचाव केंद्राचं आवार. कडुलिंबाखाली चार खोकी उतरवलेली आणि त्यांच्याभोवती केंद्राचे सगळे लोक उभे.

ज्या किश्शांना पेपरात जागा मिळत नाही ते माझ्या वहीच्या मागच्या पानांवर जातात. टँकरचे, रस्त्यांचे, नळांचे असे पुष्कळ साठलेत. या केंद्राचे मात्र इतके झाले की त्यांच्यासाठी वेगळी वही करावी लागली. केंद्र कुणाच्या अखत्यारीत येतं ते लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

विहीर, खदान, शेततळं, कुठंही माणूस बुडाला की या केंद्रातून युनूसभाई पाण्यात उतरायचे आणि कडूबा काठावर दोर धरून बसायचा. गढूळ पाण्यात खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. कडूबाला ते हातातल्या दोरावरून कळायचं. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे आणखी दोर सोड, तीन म्हणजे ओढ. शहर वाढत होतं, खडीसाठी खणलेल्या खदानी वस्तीच्या आत येत होत्या, आणि या दोघांकडे होता एक जुना सिलिंडर आणि कमरेला गाठ मारायचा नायलॉनचा दोर. म्हणून त्यांनी दोन वस्तू मागितल्या होत्या. पाण्याखाली हवा भरून किंवा सोडून वर-खाली होता येईल असं जॅकेट, आणि दोर अडकवण्यासाठी अंगावर घालायचा पट्टा.

खोक्यांतून निघाली नारिंगी लाइफ जॅकेटं. तलावात नौकाविहार करणाऱ्यांना देतात ती.

युनूसभाईंनी एक जॅकेट चढवलं आणि केंद्राच्या हौदात उडी मारली. खाली जायला तीनदा जोर लावला, तिन्ही वेळा बुचासारखे वर आले. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ते खूश झाले. "वा, बुडतच नाही."

युनूसभाई हौदातूनच म्हणाले, "साहेब, माझं कामच बुडायचं हाय."

*

या खरेदीला रीतसर समिती होती. मी साहेबांना विचारलं, समितीत पोहता कुणाकुणाला येतं? त्यांनी खरोखर फाइल चाळली आणि तशी अट नसल्याचं सांगितलं. मी पेन उघडलेलं बघून मग चिडले. "औषधं खरेदी करणाऱ्या समितीनं आधी आजारी पडावं, असं म्हणणं आहे का तुमचं?"

मी ते वाक्य जसंच्या तसं छापायला दिलं. आमच्या संपादकांनी ते अतिशयोक्त वाटतं म्हणून कापलं.

*

जॅकेटं परत गेली. पट्ट्यांचं तर नावच नव्हतं, म्हणून युनूसभाईंनी पुन्हा अर्ज केला. अर्ज कडूबाच्या अक्षरात आहे, मी पाहिलाय. विषय: पाणबुड्यांना पट्टे मिळणेबाबत.

आपल्याकडे 'पट्टा' हा शब्द कागदावर दिसला की कारकुनाला एकच गोष्ट आठवते. जागेचा पट्टा! शहराभोवती वस्त्या वाढत होत्या, पट्टे वाटपाच्या अर्जांनी टेबलं भरली होती. युनूसभाईंचा अर्ज त्याच गठ्ठ्यात गेला आणि दोन महिने त्यावर शिस्तीत काम झालं. एक माणूस केंद्रात येऊन 'पाणबुडे' ही वस्ती कुठं आहे याची चौकशीसुद्धा करून गेला. मग उत्तर आलं. अर्जदारांनी सदर जागेवर वास्तव्यास असल्याचा पुरावा जोडावा.

युनूसभाईंनी ते पत्र मला वाचायला दिलं. "पत्रकारसाब, आता मी विहिरीतलं लाइट बिल कुठून आणू?"

हसलो आम्ही. त्याच आठवड्यात कन्नड तालुक्यातल्या एका शेततळ्यात ते कमरेला दोराची गाठ मारून उतरले होते. वर ओढताना गाठ सरकून छातीवर आली आणि बरगडीला मार लागला. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ असतं, पाय टिकत नाही, वरून ओढण्याशिवाय इलाज नसतो. पत्र वाचताना ते एका अंगावर रेलून का बसले होते, ते मला नंतर कडूबाकडून कळलं.

*

पुढच्या अर्जात त्यांनी पट्टा खोडून 'हार्नेस' लिहिलं. या वेळी वस्तू लवकर आली. उंच इमारतींवर रंगकाम करणारे घालतात ते पट्टे होते, कडी पाठीवर.

कडूबानं युनूसभाईंना जॅकेट म्हणून जाड कपडे चढवले, त्यावरून ते पट्टे घातले आणि लिंबाच्या फांदीला दोर टाकून सगळ्यांसमोर वर ओढलं. युनूसभाईंनी अंग सैल सोडलं, बेशुद्ध माणसासारखं. मान पुढं पडली, हनुवटी छातीला लागली. कडूबा केंद्राच्या भांडारपालांना म्हणाला, बघा, पाण्यातून असा वर आणला तर तोंड पाण्यातच राहतंय. शिवाय आत जॅकेट फुगलं आणि वरून हे पट्टे आवळले तर माणसानं श्वास कुठून घ्यायचा? कडी पुढं पाहिजे, आणि पट्टा जॅकेटच्या आत.

भांडारपालांनी मान वर करून लटकलेल्या माणसाकडे पाहिलं. "चौदाव्या मजल्यावर चालतो तो पट्टा. तुमची विहीर किती मजल्यांची आहे?"

*

अखेर पाणबुड्याचं खरं जॅकेट आलं. हवा भरायचं बटण, सोडायचं बटण, पाठीवर सिलिंडर बसवायची जागा, सगळं होतं. युनूसभाई दिवसभर त्याची बकलं उघडत-लावत बसले होते. पट्टा मात्र आला नाही. विचारलं तर साहेबांनी जॅकेटच्या खांद्यावरची छोटी कडी दाखवली. कडी आहे, दोर अडकवा, वेगळा पट्टा कशाला? पट्ट्याची मागणी त्यांनी रद्द केली होती.

युनूसभाईंना मी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज चढला नाही, पण साहेब खुर्चीतून उठू लागले तेव्हा ते दारातून बाजूला झाले नाहीत. दुष्काळात विहिरी दरसाल खोल गेल्यात, ते सांगत होते. जुन्या मोटारी, पाइप, केबली तशाच खाली सोडलेल्या असतात. जॅकेट अडकलं तर ते काढून टाकावं लागतं.

"दोर माणसाला बांधायचा असतो साहेब, जॅकेटला नाय."

साहेब म्हणाले, "आजवर अडकलंय का कधी?"

*

लासूर स्टेशनच्या अलीकडची विहीर. वेळ दुपारी तीनची. मोटार दुरुस्त करायला उतरलेला मजूर वर आला नव्हता. मी पोचलो तेव्हा युनूसभाई खाली गेलेले होते आणि कडूबा काठावर पाय रोवून बसला होता. त्याच्याशी बोलायचं नसतं, हे मला एव्हाना माहीत होतं.

एक झटका आला. पुन्हा एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग लागोपाठ तीन.

कडूबानं ओढलं. दोर आधी ताठ झाला, नंतर एकदम हलका. त्या हलकेपणानंच कडूबाचा चेहरा बदलला, पण हात थांबले नाहीत. जॅकेट वर आलं. सिलिंडर त्यालाच होता, म्हणजे हवाही वर आली.

"भाई नाय आले," कडूबा म्हणाला. एवढंच.

नंतर कळलं ते असं. केबल सिलिंडर आणि पाठ यांच्यामध्ये अडकली होती. हाताला येईना, कापताही येईना. युनूसभाईंनी शेवटी बकलं उघडून अंग बाहेर काढलं. त्यासरशी केबल सुटली आणि जॅकेट दोराबरोबर निघून गेलं. त्यांनी अंधारात चाचपून पंपाचा पाइप धरला आणि त्याच्या आधारानं वर आले. कडूबानं त्यांना केसांना धरून काठावर घेतलं. कानांतून रक्त येत होतं. मजूर दुसऱ्या दिवशी सापडला.

युनूसभाई वाचले. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पाण्याखाली जायची कायमची मनाई केली.

*

चौकशी झाली. साहेबांनी चौकशीपुढं चाचणी अहवाल ठेवला, आणि साहित्य निर्दोष असल्याचा निष्कर्ष त्यावरूनच निघाला. अहवालाची प्रत मी माहिती अधिकारात मिळवली. एकच पान आहे. सदर जॅकेट दोर व पाणबुड्यासह पूर्ण खोलीवर तपासले, तरंगक्षमता समाधानकारक, कडी मजबूत, स्वतंत्र पट्ट्याची आवश्यकता नाही. पाणबुड्याच्या नावाचा रकाना कोरा. ठिकाण म्हणून वैजापूर रस्त्यावरच्या एका तलावाचं नाव. महिना मे. खाली तीन सह्या.

त्या मे महिन्यात मी त्या तलावावर गेलो होतो. बातमी माझ्याच नावानं छापलेली आहे, फोटोसकट. तलावाच्या तळात उभे राहून सात ट्रॅक्टर कोरडा गाळ भरत होते.