बेनचं नाक

बेन बाटलीचं झाकण काढायच्या आणि बाटली स्वतःच्या नाकाशी न नेता सरळ माझ्या नाकाखाली धरायच्या. मग बाटलीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायच्या.

"बोल, शेनो वास आवे छे?"

मी डोळे मिटून सांगायचे, "नेलपॉलिशसारखा येतोय, बेन. पण मागून जरा कुजक्या पेरूसारखा."

"पेरू आला? मग बिघडला. ओतून टाक."

तुम्ही म्हणाल, या बाईला स्वतःचं नाक नव्हतं का? होतं, चांगलं सरळ, चमकी घातलेलं. पण त्याला वास येत नव्हता. तरुणपणी प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात रसायनांच्या वाफेत उभं राहून राहून तो गेला, तो गेलाच. आमच्या कारखान्यातल्या बाकीच्यांना हे ठाऊक नव्हतं. कितीही उग्र डबा उघडला तरी बेनच्या कपाळाला आठी पडत नाही, याचं त्यांना भारी कौतुक वाटायचं.

कारखाना सुरतेला, भेस्तानमध्ये होता. साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचा गम तिथे बनायचा आणि पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांकडे जायचा. त्याच शेडच्या एका कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशामागे, बेन वेगळाच गम बनवायच्या. दाताला कॅप चिकटवायचा.

मी तिथे कशी पोचले, तेही सांगते. लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले होते. नवरा कापडाच्या मागावर, सासू घरात, आणि मला कुणी काही विचारलं की आधी घाम फुटायचा. शाळा सहावीत सुटलेली. बेनना मदतीला बाई हवी आहे असं कळलं म्हणून गेले. वाटभर एकच धास्ती, की दाखला मागतील. बेननी दाखला मागितलाच नाही. समोर बाटल्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "एकेकीचा वास घे नि सांग." पहिल्या दोन सांगितल्या. तिसरीला काही वासच येईना. हुंगून हुंगून नाक दुखलं. वाटलं, गेलं काम. शेवटी घाबरत म्हटलं, "बेन, ह्याला मला तर काही वास येत नाही."

बेन मोठ्याने हसल्या. "पाणी छे, पाणी! तुझ्याआधी आलेल्या बायांनी त्याला गुलाबापासून फिनेलपर्यंत सगळे वास काढले. काम तुझं. काले आवजे, लताबेन."

लताबेन! माझ्या नावापुढे कुणी मानाचा शब्द लावायची ती पहिलीच वेळ. घरी येईपर्यंत मी ते नाव मनातल्या मनात म्हणत होते.

काम म्हणजे काय, तर दातांच्या डॉक्टरांकडून काढलेले खरे दात यायचे. ते धुवायचे, प्लॅस्टरच्या वड्यांत बसवायचे. त्यांवर बेन आपला गम लावून लोखंडाचा तुकडा चिकटवायच्या. मग ती वडी अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायची आणि नंतर तुकड्याला वजन टांगायचं, सुटेपर्यंत. टांगताना बेन गमशी बोलायच्या. "पकड बेटा, पकड. अरे, सुक्यात तर कोणीपण चिकटतो. ओल्यामंदी चिकटून दाखव!" तुकडा सुटून खाली पडला की पोर नापास झाल्यासारखा चेहरा करायच्या.

माझ्या सासूला हे काम कळलं, तेव्हा तिने आधी कपाळाला हात लावला. "लोकांचे दात धुतेस? आणि त्याच हातांनी भाकरी थापतेस?" तेव्हापासून मला चुलीजवळ यायच्या आधी अंघोळ लागली. बेनना सांगितलं, तर म्हणाल्या, "सासूला सांग, तिला कॅप बसवायची असेल तर माझ्याकडून फुकट."

दाताचंच वेड का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या बा, म्हणजे आई, मंदिरात भजनं म्हणायच्या. एकदा ऐन भजनात पुढच्या दाताची कॅप सुटली आणि समोरच्या बाईच्या ओटीत जाऊन पडली. सगळ्या हसल्या. बासुद्धा हसल्या. पण पुन्हा मंदिरात गेल्या नाहीत. घरातही गायल्या नाहीत.

शेठ तसा वाईट माणूस नव्हता. त्याने बेनना कोपरा दिला होता, पण दिवाळीपर्यंत. तोवर डॉक्टर लोक हा गम घ्यायला लागले तर ठीक, नाही तर त्या जागी साडीच्या गमचे ड्रम. येता जाता तो आडोशावर टकटक करायचा. "बेन, दांत छोडो, साडी पकडो!" बेन म्हणायच्या, "शेठ, तमारी साडी सुक्यात राहते. माझा दात चोवीस कलाक ओला असतो." शेठ हसत निघून जायचा. मला मात्र हसू यायचं नाही. कोपरा गेला की बेन जाणार आणि बेन गेल्या की मी पुन्हा कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी सून, एवढीच उरणार.

दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. बेनना खारट, आंबट, तिखट एवढंच कळायचं. त्या माझ्याकडून वास मागून घ्यायच्या. "आज काय आणलं, बोल." मग मी सांगायचे, "ठेचा आहे. लसूण तव्यावर जरा करपलाय, त्याचा वास आधी येतो. शेंगदाण्याचा मागून." त्या सावकाश चावत राहायच्या, मी सांगितलेलं जिभेवर शोधत असल्यासारख्या.

एकदा म्हणाल्या, "तुझ्या गावचा वास कसा?" मी सांगायला लागले. कापूस वेचून खोलीत टाकतात, तेव्हा घराला कोमट, धुळीचा वास येतो. संध्याकाळी आई त्यावरच आडवी होते, तिच्या केसांनाही तोच... बेननी पाण्याचा पेला पुढे सरकवला. आपला डबा झाकता झाकता म्हणाल्या, "मारी बाना साडलामां सुखडनो वास हतो. चंदनाचा. होता, एवढं याद आहे. कसा होता, ते याद नाही."

त्यानंतर मी त्यांना वास सांगताना कधी कंटाळा केला नाही.

पावसाळा सरता सरता गम तयार झाला. वडीला टांगलेलं वजन तुकडा सोडेना. भेस्तानच्याच एका डॉक्टरांनी तो वापरून बघायचं कबूल केलं. नवा गम आहे, कॅप निघाली तर पुन्हा फुकट बसवून देईन, असं पेशंटला सांगूनच ते बसवायचे. पेशंट म्हणजे आमच्याच चाळींतले लोक, मागावरचे, रंगखात्यातले.

आणि कॅपा परत यायला लागल्या.

आठवडाभरात एक, मग दुसरी, मग दोन एकदम. कोपऱ्यात पक्का चिकटणारा गम तोंडात गेला की मऊच राहत होता. बेननी सगळं पुन्हा करून बघितलं. पाणी बदललं, माप बदललं. शेठने आडोशावर टकटक करणंही सोडलं, ते मला टकटकीपेक्षा वाईट वाटलं. दिवाळी तोंडावर आली होती.

एके दिवशी डॉक्टरांच्या कंपाउंडरने नवी परत आलेली कॅप पुडीत आणून दिली. बेननी पुडी उघडली आणि सवयीने माझ्या नाकाखाली धरली.

"लवंग," मी म्हटलं.

बेनचा हात तसाच राहिला. "शुं?"

"लवंगेचा वास येतोय, बेन. मसाल्याच्या डब्यासारखा."

त्यांनी आधीच्या कॅपांच्या पुड्या काढल्या. त्यांतल्या बहुतेकींना तोच वास, मंद, पण होता. बेन स्टुलावर बसल्या. लवंगेच्या तेलाने हा गम घट्ट होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की लवंगेचं औषध वापरायचं नाही. डॉक्टर वापरत नव्हतेच. पेशंटला विचारायचेही, "काही लावलंय का?" आणि पेशंट म्हणायचे, "नाही."

त्याच संध्याकाळी बेन माझ्याबरोबर आमच्या चाळीत आल्या. शेजारचे आप्पा आमच्या धुळ्याकडचेच, मागावरचे म्हातारे कारागीर. कॅप परत आलेल्यांत तेही होते. बेननी हिंदीत विचारलं, "आप्पा, दाढ पे कुछ लगाया था?"

"कुछ नही, बेन. बिलकुल नही."

मग मी आपल्या बोलीत विचारलं, "आप्पा, दाढ ठणकनी तं तुम्ही काय करतस?"

"काय करसू माय? लवंगनं तेल लावस, कापूस दाबस, नि झोपी जास."

"कॅप बसाडाना आदला दिवस लायेल व्हतं?"

"मंग! डाक्टर कोरी तं दुखी ना. आदला दिवसच लाई लिधं."

"मंग डाक्टरले काबरं नही सांगं?"

"कसाले सांगू? घरनं औषध करं म्हणीसन तो खवळी ना!"

मी बेनना सगळं समजावून सांगितलं. बेन त्या खाटेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आप्पा, तमे तो मने मारी नाखी!" आप्पा बिचारे घाबरले. मी आप्पांना काय हसणार? डॉक्टरपुढे मीसुद्धा "नाही"च म्हटलं असतं. मोठ्या माणसाने विचारलं की आधी नाही म्हणायचं, हेच आम्ही शिकलेलो.

बेननी डॉक्टरांना सांगितलं, आता कुणाला विचारूच नका. सगळ्यांनी लवंग लावलीय असंच धरा, दात घासून स्पिरिटने पुसा आणि मगच गम लावा. त्यानंतर कॅप परत आली नाही.

आता बेनना वेगळाच घोर लागला. ज्याची निघते, तो तक्रार घेऊन येतो. ज्याची टिकते, तो कशाला येईल? "बसली म्हणून कोणी सांगत नाही, लताबेन," त्या म्हणायच्या आणि आडोशाच्या फटीतून फाटकाकडे बघायच्या. त्याच दिवसांत माझी किडलेली दाढ डॉक्टरांनी साफ केली आणि तिच्यावर बेनच्याच गमने कॅप बसवली. बेन शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू तरी सांगायला येजे. पाच वरस, दस वरस, जेवढी टिकेल तेवढी."

"रोज तर येते मी, बेन."

"हा, पण येजे."

मग मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. परत आले तेव्हा पत्र्याचा आडोसा नव्हता. ड्रम होते. डॉक्टर लोकांना गम आवडला होता, पण बाजारात बाहेरून आलेल्या चकचकीत डब्या मिळायला लागल्या होत्या आणि पेशंटला त्या दाखवता येत होत्या. दिवाळी झाली आणि शेठने शब्दाप्रमाणे केलं. बेन भावाकडे गेल्या. भाऊ कुठे, तर कुणी बडोदा म्हणे, कुणी आफ्रिका. वॉचमन म्हणाला, "जाताना तुझी चौकशी करत होत्या. कॅप कशी आहे, विचारत होत्या."

मी कतारगामला त्यांची जुनी खोली शोधत गेले. दुसरेच लोक राहत होते. पाणी प्या म्हणाले. प्यायले आणि आले.

परवा तीच दाढ दुखायला लागली. आता मुलगा मोठा झाला आहे, तो चांगल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण. फोटो काढून म्हणाले, "मुळाशी पू झालाय, आजी. ही जुनी कॅप काढावी लागेल. सोपं असतं, जुना गम लगेच सुटतो." त्यांनी आकडा अडकवून ओढलं. ठोकलं. पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला, तो पुसून त्यांनी हातमोजे बदलले. "कमाल आहे! कुठला गम आहे हा?" असं म्हणून शेवटी ती कॅप कापायचं मशीन मागवलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टर एकदम थांबले. "खूप दुखतंय का?"

त्यांची बोटं माझ्या तोंडात होती. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.